घासाघीस करून झाल्यावर काढलेलं कार्ड

काही दुकानदार क्रेडिट कार्ड का घेत नाहीत, याबद्दल माझं मत पक्कं होतं. कर चुकवायची लबाडी, दुसरं काय. हे मत मी बाळकुमच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि एकदा एका बारशाच्या पंगतीत मोकळेपणाने मांडलेलं आहे. मला स्वतःला कार्ड मिळून तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. पन्नाशीत पहिल्यांदा पोहायला शिकलेला माणूस जसा दिसेल त्याला पाण्यात उतरायला सांगतो, तसं माझं चाललेलं.

बायकोची शिलाई मशीन त्याच सुमारास बसली. ती तिच्या आईची, लग्नात बरोबर आलेली. मुलं लहान असताना बायकोने शिवण सोडलं होतं आणि आता, मुलगी नोकरीला लागल्यावर, पुन्हा सुरू करायचं मनात घेतलं होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलीचा साखरपुडा होता. त्यांचे तीन ब्लाउज हिने शिवायला घेतले, पुढच्या गुरुवारी देते म्हणून सांगितलं, आणि त्याआधीच्या शनिवारी मशीनने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हिला आता आराम द्या."

नवीन मशीन घ्यायचं मी आठ दिवाळ्या कबूल करत होतो. त्यामुळे रविवारी सकाळी ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो, पहिलंच काम आहे. हे परत पाठवलं तर दुसरं कोणी देणार नाही."

कोणीतरी कल्याणचं एक दुकान सुचवलं होतं. आम्ही काशेलीच्या पुलावरून, भिवंडीमार्गे बसने गेलो. महिनाअखेर होती आणि खात्यात मशीनपुरते पैसे नव्हते, पण मला चिंता नव्हती. खिशात कार्ड होतं. वर त्याच्यावर पॉइंट मिळत होते, आणि आणखी थोडे जमले की एक चाकांची बॅग फुकट मिळणार होती. बसमध्ये मी हिला त्या बॅगेचे रंग सांगितले. ती बाहेर बघत होती.

दुकान बोळातलं, अरुंद. गल्ल्यावर पांढऱ्या केसांचे गृहस्थ. मला बघून म्हणाले, "या काका." मी ते मनावर घेतलं नाही, असं दाखवलं.

हिने दहा मिनिटांत मशीन पसंत केली. किंमत नऊ हजार दोनशे. आता खरं तर काम संपलेलं. पण भाव न करता वस्तू घेतली की मला दिवसभर कोणीतरी खिसा कापल्यासारखं वाटतं. आमच्या वडिलांनी तर औषधाच्या दुकानातही भाव केलेला आहे. मी खुर्ची पुढे ओढली. ठाण्यात हीच मशीन स्वस्त आहे म्हणालो. त्यांनी कुठे ते विचारलं. मला दुकान आठवेना. मग दोनदा उठून दारापर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी हाक न मारल्यामुळे स्वतःच परत आलो. एक चहा झाला. शेवटी ते कपाळाला हात लावून म्हणाले, "द्या आठ हजार सातशे. आता यात मला काही राहत नाही हो."

पाचशे रुपये. मी हिच्याकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती.

मग मी ऐटीत कार्ड काढलं.

"क्रेडिट आहे?" त्यांनी हात पुढे केला नाही. "क्रेडिट चालत नाही, काका. तो कोड आहे ना समोर, त्याच्यावर मोबाईलने करा. नाहीतर रोख."

मोबाईलने करायला खात्यात पैसे लागतात, ही त्या सोयीतली मोठी अडचण आहे. मी आवाज चढवला. "समोर स्वाइप मशीन दिसतेय तुमची. त्यावर रुमाल टाकून ठेवलाय. माणसं कार्डाला नाही का म्हणतात, ते कळतं आम्हाला."

"काय कळतं?"

"ते जाऊ द्या."

"नाही, सांगा ना. बसलोच आहोत." ते अजिबात चिडले नव्हते, हे जास्त वाईट. "काका, प्रत्येक विक्रीचं बिल देतो मी, तुम्हालाही देणार आहे. पण तुम्ही हे कार्ड घासलंत की बँक माझ्या पैशातून काही कापून घेते. तुमच्यातून नाही, माझ्यातून. तुम्हाला त्याच्यावर काही मिळतं का? पॉइंट वगैरे?"

"बॅग मिळणार आहे यांना," बायको म्हणाली. एवढ्या वेळातलं तिचं पहिलं वाक्य. "चाकांची. निळी."

"मग त्या बॅगेत थोडे माझेही पैसे आहेत." ते हसले. "माझी काही ना नाही, ताई. जो सांगितलेला भाव देतो, त्याचं कार्ड मी गुपचूप घेतो. पण यांनी आधी तासभर बसून माझा नफा काढून घेतला. आता राहिलेलं बँकेला दिलं तर मशीन मी फुकट विकली. बाकी गिऱ्हाईकांना एवढं कुठे समजावू? म्हणून रुमाल."

माझ्या मताला बारशाच्या पंगतीत कोणी हे विचारलं नव्हतं. मी एटीएमचा विचार करून पाहिला, पण एटीएमलाही खातंच लागतं. पुढच्या रविवारी येऊ, पगार झालेला असेल, असं म्हणायला मी तोंड उघडलं. गुरुवार मध्ये आहे, हे तोंड उघडल्यावर आठवलं.

हिने माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि गल्ल्यावर ठेवलं.

"काका, यांनी पाचशे कमी केले ना? ते परत लावा. नऊ हजार दोनशे. आणि कार्ड घ्या."

"अगं," मी म्हणालो.

"तुम्ही थांबा. पण काका, मग सर्व्हिसिंगला माणूस घरी पाठवायचा. बाळकुमला. वर्षभर, येण्याजाण्याचे पैसे न घेता. आणि बॉबिनचा डबा द्यायचा."

त्यांनी बिलबुक पुढे ओढलं. "भिवंडीला आमचा एक कारागीर राहतो," ते सावकाश म्हणाले. "त्याला जवळ पडेल. ठीक आहे, पाठवतो."

"लिहून द्या बिलावर."

त्यांनी लिहून दिलं. तासाभरात मी जे मिळवलं होतं ते गेलं, आणि दोन मिनिटांत तिने जे मिळवलं त्याची किंमत मला आजही नीट काढता येत नाही. रुमाल निघाला. मी पिन दाबत होतो तोवर ती नव्या मशीनवर जाऊन बसली होती. एका चिंधीवर तिने सरळ शिवण घातली, मग वळवून ब्लाउजच्या गळ्यासारखी गोल. मला वाटलं होतं एवढ्या वर्षांनी हात अडखळेल. अडखळला नाही.

"काका, खालचा धागा ओढतोय," ती म्हणाली.

ते गल्ला सोडून उठले, स्क्रू थोडा फिरवला. तिने पुन्हा घालून पाहिली. "अजून किंचित." दोघं त्या चिंधीवर वाकून बोलत राहिली. मला तिथे काही काम नव्हतं. मी बाहेर जाऊन रिक्षा ठरवायला लागलो, आणि रिक्षावाल्याने सांगितलेल्या भाड्याला पहिल्या फटक्यात हो म्हणालो.