रेडी म्हणण्याआधी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या आमच्या लेस्टरच्या हॉस्पिटलात फर्मान निघालं: यापुढे कुठल्याही नर्सनं पेशंटला हातानं उचलायचं नाही. हॉइस्ट वापरायचा, म्हणजे कापडी झोळीत घालून माणसाला वर उचलणारं यंत्र. पुण्यात शिकताना पेशंट अलगद उचलणं हीच आमची ऐट होती. त्यात माझी कंबर कामातून गेली, म्हणून नियम पटायचा. पण झोळीत लोंबकळणारा म्हातारा माणूस पाहिला की अजिबात पटायचा नाही. नेमकं चिडायचं कुणावर, तेच कळत नसे.

तशात वॉर्डात एक मराठी काका आले. होजिअरी मिलमधून रिटायर झालेले, अर्धांगानं डावी बाजू गेलेली. बेलग्रेव्ह रोडच्या मागं घर, घरात नवराबायको दोघंच. आमच्या ट्रेनरबाईंनी काकूंना बजावलं, हॉइस्ट नीट वापरून दाखवला तर काका घरी, नाहीतर नर्सिंग होम. भाषेसाठी मध्ये मला उभं केलं.

झोळी, हुक, पट्टे, काकू सगळं भराभर शिकल्या. घोडं अडलं एकाच ठिकाणी. उचलण्याआधी पेशंटचं नाव घेऊन ‘रेडी?’ असं विचारायचं होतं. काकू म्हणाल्या, “अहो, उचलते हं.”

“नाव,” ट्रेनरबाई म्हणाल्या.

“अगं, सांग ना तिला,” काकू माझ्यावरच डाफरल्या. “मी ह्यांचं नाव कधी घेतलंय का?”

मी सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्याचा डावा हात बघ.” काका खिडकीबाहेर बघत होते आणि हात झोळीबाहेर लोंबत होता. तसंच उचललं असतं तर तो यंत्रात अडकला असता. नाव ऐकलं की माणूस भानावर येतो, असं त्यांचं म्हणणं. तेही खरंच होतं. मी काकूंची बाजू मांडत होते की बाईंची, माझं मलाच समजेना.

परीक्षेच्या दिवशी तोच हात पुन्हा बाहेर. काकू हॉइस्टचा दांडा धरून उभ्या. मला वाटलं, आपणच ओरडावं नाव. मग काकूंनी पदर सावरला, मान खाली घातली आणि लग्नातला उखाणा पुटपुटल्या, शेवटी नावासकट. काकांनी चटकन मान वळवली. “इथं कशाला?” म्हणाले, आणि लाजून डावा हात उजव्या हातानं पोटावर ओढून घेतला.

“काय म्हणाली ती?” बाईंनी मला विचारलं.

“नाव घेतलं,” मी म्हटलं.

“एवढं मोठं नाव?”

“हो.” काकू पास झाल्या. मला हसू येत होतं.

पुढं एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी गेले. हॉइस्टवर टॉवेल वाळत होते आणि काकू पदर खोचून काकांना हातानंच उठवायच्या बेतात होत्या.

“काकू, कंबर जाईल!” मी ओरडले.

“थांब गं जरा.” त्या काकांच्या कानाशी वाकल्या आणि नुसतं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही. “रेडी?”

काकांनी डावा हात उजव्यानं पोटावर घेतला. “रेडी.”

मी रागवायला हवं होतं. पण मी पर्स खाली ठेवली आणि काकांची दुसरी बाजू धरली.