वर्गाच्या ब्लॉगवरचं एक वाक्य

मी इथे फारसं लिहीत नाही. पण आज सकाळचं सांगायलाच हवं.

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर मी चौथीला शिकवते. मुलं घरचं जे काही सांगतात, ते मी त्यांच्याच शब्दांत, नावासकट वर्गाच्या ब्लॉगवर टाकते. वीटभट्टीवर गेलेले आईबाप ते मोबाइलवर बघतात.

परवा एका मुलीने सांगितलं, "बाबा आयेला कुऱ्हाडीच्या दांड्याने मारतो." मी तेही नावासकट टाकलं. ही माझीच चूक. भट्टीवर कुणीतरी ते सगळ्यांसमोर वाचलं.

आज तिचा बाप दांडा घेऊन वर्गात शिरला. "बाई, माजी इज्जत मोबाइलवर टाकली काय?"

पहिल्या फटक्यात लॅपटॉप फुटला, दुसऱ्यात माझं उजवं मनगट मोडलं. मग त्याने पोरीला केसांना धरून भिंतीवर आपटलं. तो थांबावा म्हणून मी घाबरून मोबाइलवरून पोस्ट काढून टाकली. शेजारच्या वर्गातले सर धावत आले, तेव्हा तो पळाला.

तिच्या ओठातून रक्त येत होतं. म्हणाली, "बाई, मी खोटा नाय सांगितला."

पोलिस ठाण्यात तिची आई मान खाली घालून म्हणाली, "नाय मारत तो."

उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण नवऱ्याच्या मारानं गेली. तिचा सुजलेला चेहरा बघूनही मी गप्प राहिले होते. आज मात्र मुलीचं वाक्य मी डाव्या हाताने तक्रारीत लिहून दिलं.

बाप अजून सापडलेला नाही. शिक्षक मित्रांनो, अशा मुलीला शाळा सुटल्यावर तुम्ही कुठे पाठवाल?