मंजुळानं पुकारलेली नावं

कंपनीच्या माणसांसमोर प्राचार्यांनी माझ्या हातातून यादी काढून घेतली आणि चहाचा ट्रे दिला. म्हणाले, “टायपिंग जमत नसेल तर हे तरी करा.”

टायपिंग मला उत्तम जमत होतं. यादीत मी एक नाव जास्त टाईप केलं होतं.

मुलांनो, तुमची आजी बेंगळुरूच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात टायपिस्ट होती. नव्वदीचं दशक. कंपन्या कॉलेजात येऊन मुलं निवडू लागल्या होत्या. मुलाखतीला बसला तो तरला. घरात कोणी पाहिला नसेल असा पगार पहिल्याच महिन्यात हातात. फीमाफीच्या मुलांच्या छातीवर मात्र त्या दिवशी ‘स्वयंसेवक’ अशी पट्टी. खुर्च्या मांडायच्या, पाणी द्यायचं, नावं पुकारायची. त्यांनी मुलाखतीला बसू नये, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. यादीच त्यांना गाळून माझ्याकडे येई. मी ती बिनचूक टाईप करी. सात वर्षं केली.

मंजुळाची आई यशवंतपूरच्या बाजारात कांदा निवडायची. मंजुळा वर्गात दुसरी, शेवटच्या वर्षाला. तिचं नाव मी तिला न सांगता यादीच्या तळाशी घातलं होतं. ती दाराशी उभी राहून, मी सांगेन ते नाव पुकारून बाकीच्यांना आत बोलवत होती. एक मुलगा आत गेला, तशी माझ्याकडे वळून हसली. “अक्का, हा माझ्या वह्यांवर पास झाला. आता त्याचं नावही मीच पुकारायचं.”

प्राचार्यांनी यादीचा तळ पाहिला तो त्यानंतर.

ट्रे हातात देऊन ते हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, “तुम्हीही मिशनच्या पैशांवर शिकलात ना? म्हणून हा कळवळा.”

खरं होतं. बेळगावच्या वसतिगृहात मीही पाहुण्यांना असाच चहा दिला होता. उपकाराची फेड म्हणून दिला होता. ते उपकार होते, हे मला शिकवलं कोणी? तो प्रश्न मला त्या क्षणी पहिल्यांदा पडला. पन्नाशीत.

ट्रे मी टेबलावर ठेवला. कंपनीच्या साहेबांना मी इंग्रजीत म्हणाले, “एक उमेदवार राहिली आहे. ती दाराशी उभी आहे.”

साहेबांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य हसले. “ती आमची स्वयंसेविका.”

“पुढच्या वर्षी बघू,” साहेब म्हणाले आणि कप उचलला.

मंजुळानं सगळं ऐकलं होतं. “बिडी अक्का,” एवढंच कानडीत म्हणाली. जाऊ द्या. मग खुर्च्या उचलू लागली. पुढे ती राजाजीनगरच्या एका दुकानात बिलं करायला लागली. इंजिनिअर झालेली मुलगी.

सोमवारी प्राचार्यांनी माझ्याकडे माफीपत्र मागितलं. “तुमचं इंग्रजी चांगलं आहे. नीट लिहा.”

मशीनला कागद लावला. कपाटातून सात वर्षांच्या याद्यांच्या कार्बन प्रती काढल्या, शेजारी निकाल ठेवले. माझ्या हातून गाळलं गेलेलं एकेक नाव गुणांसकट टाईप केलं. वर मथळा दिला : फीमाफीमुळे मुलाखतीला न बोलावलेले विद्यार्थी. खाली सही केली. पुढची कंपनी आली तेव्हा तो कागद त्यांच्या माणसाच्या हातात दिला.

नोकरी त्याच दुपारी गेली. मंजुळाला त्यातून काही मिळालं नाही, हेही लिहून ठेवते.

माफी मला मागायचीच होती. पण ती प्राचार्यांची नव्हती, त्या कागदावरच्या मुलांची होती. ती मागून भागत नाही, हे मला कळतं. म्हणून इतकंच : कोणी सांगितलं म्हणून माझ्या बोटांनी पुन्हा कोणाचं नाव गाळलं नाही. गाळणारही नाहीत.