नावाआधीची दोन बोटं जागा

आबा गेले, त्याला आता सव्वा महिना झाला. त्या दिवशी सकाळीच नांदेडला माझ्याकडे चुलतभावाचा फोन आला. "ताई, आबा गेले. निघ," एवढंच म्हणाला. गावात उतरले तर वेशीतच फलक, आणि त्यावर ठळक 'कै. निवृत्ती'! अरे, आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात कालकथित लिहितात. आणि कुणाच्या नावाआधी काय लावायचं हे ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याला शिकवलं, त्याच्याच नावाआधी वाट्टेल ते? मी तिथंच फलक खाली उतरवायला लावला. मयताच्या घरी कशाला तमाशा, असं कुणीतरी पुटपुटलं. म्हटलं, होऊ द्या तमाशा!

आबा माझे सख्खे चुलते. तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाखाली अर्जनवीस म्हणून बसायचे. पत्र्याची पेटी हेच त्यांचं टेबल. निजामाच्या काळात उर्दूत चार यत्ता शिकलेले, त्यामुळे 'बखिदमत जनाब'पासून 'माननीय महोदय'पर्यंत सगळं जिभेवर. मंत्र्याला नामदार, कलेक्टरला माननीय, आधी हुद्दा, मग कचेरी, मग गाव, आणि तहसीलदारामार्फत जायचं असेल तर तसं वर डाव्या अंगाला. एक ओळ चुकली तरी कागद फाडून नवा घ्यायचे. माझं डोकं फिरायचं. "आबा, हे लोक तुम्हाला 'ए' म्हणून हाक मारतात आणि तुम्ही त्यांना माननीय?" ते शांतपणे टाक पुसत म्हणायचे, "बाई, मी त्याला मान देऊन ऱ्हायलो न्हाई. कागद माघारी फेकायला त्याला निमित्त घावू नये, एवढंच." खाली मात्र 'आपला आज्ञाधारक' त्यांनी जन्मात लिहिलं नाही. 'आपला विश्वासू', बस्स.

आणि एवढा काटेकोर माणूस एक गोष्ट मुद्दाम चुकीची करायचा. अर्जदारानं स्वतःच्या नावाला श्री. लावू नये, हे शाळेतल्या लेकरालाही कळतं. आबांना का कळत नव्हतं? पण आमच्या वस्तीतलं कुणी अर्जाला आलं की त्याच्या नावाआधी श्री. किंवा सौ. हमखास. म्हणायचे, "गावात निवऱ्या, रानात निवऱ्या. निवृत्ती कुणी म्हणलं का मला? कागदावर तरी म्हणू दे की!"

लातूर जिल्हा नवा झाला होता, तेव्हाची गोष्ट. जिल्हा आला पण पाऊस काही आला नाही. गावात टँकर यायचा तो चौकापर्यंत. आमच्या वस्तीची हंडी रांगेत सगळ्यात मागं, आणि आमची पाळी येईपर्यंत टँकर खडखडीत. मग काकू, म्हणजे आबांची बायको, जुन्या बारवेच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं घागर भरायची. टँकर वस्तीत यावा म्हणून आबांनी अकरा नावांचा अर्ज केला. सवयीनं तो जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर गेला आणि परत आला. ती चूक आबांनी स्वतःवर घेतली, नवा अर्ज लातूरच्या नावानं लिहिला. मी तेव्हा नांदेडला कॉलेजात होते, सुट्टीत घरी आलेले. आबांसोबत कचेरीत गेले. कारकुनानं कागदावर नजर टाकली आणि आमच्याकडे सरकवला. "स्वतःला श्री. लावत असतात का? एवढी अक्कल न्हाई आन् अर्ज लिहिता? खोडून आणा."

आबा म्हणाले, "साहेबांना भेटतो." साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशीही दौऱ्यावर. आबा दोन्ही दिवस पेटी बंद करून व्हरांड्यात बसून राहिले... आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काकू घागरीसकट बारवेच्या पायऱ्यांवरून घसरून खाली पडली. मांडीचं हाड मोडलं. ती आजतागायत काठी घेऊन चालते.

तिला दवाखान्यात टाकून मी आबांना ओढत कचेरीत नेलं. त्यांच्या हातातला पेन हिसकावला आणि कारकुनाच्या समोर अकराच्या अकरा नावांआधीचं श्री., सौ. खोडून काढलं, कागद फाटायच्या बेतापर्यंत. "घ्या! आता तरी पाणी द्या!" त्यानं शिक्का मारला. चार दिवसांनी टँकर वस्तीत आला. मी घरी येऊन आबांना नको नको ते बोलले. तुमच्या श्रीपायी काकू लंगडी झाली, असंही बोलले. आबा एवढंच म्हणाले, "बरं केलंस बाई. पाणी आलं."

त्यानंतर त्यांनी कुठल्याच अर्जदाराला श्री. लावलं नाही. पण नावाआधी दोन बोटं जागा कोरी सोडायला लागले. मरेपर्यंत प्रत्येक अर्जात. मला तो त्यांचा हट्ट वाटायचा आणि मी आणखी चिडायचे. आज मात्र माझाच मला संताप येतो. अरे, वस्ती तहानलेली आहे हे बघायला अर्ज कशाला लागत होता? डोळे होते ना सगळ्यांना! ज्यांच्यावर ओरडायचं त्यांच्यासमोर मी कागद खोडला, आणि ओरडले कुणावर, तर आबांवर.

गेल्या आठवड्यात घर काकूच्या नावावर करायचा अर्ज लिहायला मी त्याच पत्र्याच्या पेटीवर बसले. 'प्रति, माननीय गटविकास अधिकारी साहेब' अगदी आबांच्या शिस्तीत लिहिलं. खाली 'अर्जदार' लिहिलं आणि हातानं आपोआप दोन बोटं जागा सोडून काकूचं नाव, 'सोनाबाई', लिहिलं. काकूला सहीपुरतंच अक्षर येतं. तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"हितलं भर."

"असू दे काकू, आबांची सवय होती ती."

"सवय कशाची? दवाखान्यात मला म्हणले व्हते, तुझी जागा राखून ठिवतो. भर आता."

तेव्हा मी खोडलं ते सौ. होतं. आता श्रीमती लिहावं लागणार... माझा हात थांबला. म्हटलं, "काकू, कागद माघारी येईल गं."

काकूनं काठी भिंतीला टेकवली आणि सहीसाठी पेन मागत म्हणाली, "येऊ दे की. आता मला कुठं पाण्याला जायचंय?"