आत्याचं पांढरं फडकं

माझ्या आत्याने उभ्या आयुष्यात एकच ब्लाउजपीस चुकवला, आणि त्याचं खापर एका फडक्यावर फोडलं.

सुमनआत्या. आज तिला जाऊन वर्ष झालं.

बरकतपुऱ्यात तिचं मॅचिंग सेंटर होतं. साडी घेऊन या, जुळणारा ब्लाउजपीस घेऊन जा.

काउंटरच्या खणात कोऱ्या पांढऱ्या कापडाचा एक तुकडा असायचा. गिऱ्हाइकाची साडी पाहण्याआधी ती तो दारातल्या उजेडात धरायची. तो पांढरा दिसला, तरच पुढची बात.

मी खगोलशास्त्रात काम करते, याचा तिला अभिमान होता. थोडा संशयही होता.

"तुमची दुर्बीण रंग चुकवत नाही?"

"चुकवते ना. हवा, काच, कॅमेरा, सगळेच थोडा थोडा प्रकाश खातात."

"मग तुमचं पांढरं फडकं कुठंय?"

इतका नेमका प्रश्न मला इंटरव्ह्यूमध्येसुद्धा कुणी विचारला नव्हता.

मी सांगितलं, श्वेत बटू नावाचे तारे असतात. जळून झालेले, आता नुसते निवत चाललेले. काहींच्या अंगावर निव्वळ हायड्रोजन, म्हणून ते कसे दिसायला हवेत हे गणिताने आधीच कळतं. तसे दिसले नाहीत, तर चूक आमची.

"हौ, म्हणजे कोरं कापड. मग चांगला ठळक बघून घ्या की!"

"ठळक ताऱ्याने आमच्या मोठ्या कॅमेऱ्याचे डोळे दिपतात गं. म्हणून मिणमिणते शोधावे लागतात."

"शोधा बापा," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

पुढे एकदा अंबरपेठची एक नवरी मोरपंखी साडी घेऊन परत आली. लग्न चार दिवसांवर.

"आंटी, ये पीस तो हरा है."

आत्याने फडकं काढलं. तिला ते पिवळट दिसलं. तिने ते धुतलं. नीळ घालून पुन्हा धुतलं. मग मला फोन करून बोलावून घेतलं.

"बघ, कसं पिवळं पडलंय. याच्यामुळे चुकलं माझं."

फडकं पांढरंशुभ्र होतं.

मला खोटं बोलावंसं फार वाटलं. त्या दुकानात तिचा जीव होता.

"आत्या, पांढरं आहे."

तिने फडकं काउंटरवर ठेवलं.

"म्हणजे फडकं बराबर आहे. डोळे चुकले."

मग साडी माझ्या हातात दिली. "आता तू जुळव. पहिले फडकं बघ."

जन्मात इतकी घाबरले नव्हते. पण जुळलं. नवरी हसत गेली.

आत्याचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर तिने देवाचं नाव नाही घेतलं, फडकं मागितलं.

"अगं बाई, हे तर दुधासारखं आहे!" आणि लहान पोरीसारखी हसली. शेवटच्या आठवड्यापर्यंत दुकानात उभी होती.

फडकं आता माझ्या ऑफिसच्या खणात आहे. आज ते खिडकीशी धरलं तर नीट दिसेना. डोळे पुसले, पुन्हा पाहिलं.

पांढरंच आहे, आत्या.

निवांत राहा.