दा नांगच्या घराची चौकशी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत माझ्या थोरल्या साडूंनी चौकशी केल्याशिवाय एकही महत्त्वाची गोष्ट धड पार पडलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. पिंपळवंडीत त्यांची बागायती शेती आहे, पण खरा जीव चौकशीत. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलीचा बाप आधी यांच्याकडे येतो. मग हे इस्त्रीची टोपी घालून मुलाच्या गावी जातात, पण मुलाच्या घरी जात नाहीत. शेजारच्या घरी जातात, प्यायला पाणी मागतात, पीकपाण्यावर बोलतात, आणि तासाभराने उठतात तेव्हा चुलत्याचं पिणं, आईचा स्वभाव आणि विहिरीला पाणी किती महिने पुरतं, हे सगळं त्यांना ठाऊक झालेलं असतं. "मालकाला इचारून काय उपेग, पावणं? तो सवताच्या घरचं चांगलंच सांगणार. शेजाऱ्याला इचारा, त्याला काय पडलंय?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. शेजाऱ्याने नुसतंच कौतुक केलं तर स्थळ बाद. एखादी खोट सांगितली की हे खूश.

ही सवय सोयरिकीपुरती असती तर मी काही म्हटलं नसतं. पण आळेफाट्याला जेवायला थांबलो की आम्ही हात धुऊन बसतो, वेटर पाणी ठेवतो आणि साडू गायब! ते पलीकडच्या पंक्चरवाल्याजवळ उकिडवे बसून आमटी आजची की कालची याचा तपास करत असतात. एकदा पंक्चरवाल्याने नुसतं तोंड वाकडं केलं, तर यांनी आम्हा सात जणांना पोटात कावळे ओरडत असताना टेबलावरून उठवलं. अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा स्ट्रेचरवर कण्हत कण्हत त्यांनी स्ट्रेचर ढकलणाऱ्याला विचारलं होतं, "डागदर सवताच्या घरच्यांना कुठं नेत्यात?" तो म्हणाला, "इथंच. आईचं ऑपरेशन इथंच केलं त्यांनी." तेव्हा कुठे डोळे मिटून आत गेले.

या माणसाबरोबर परदेशी जायचं ठरलं. कारण होतं त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईने तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ म्हशींच्या धारा काढल्या. त्यापायी माहेरीसुद्धा कधी दोन रात्री राहिली नाही. गेल्या दिवाळीत गुडघ्यांनी संप केला, शेवटची म्हैस विकली, आणि पोरांनी विचारलं, "आई, कुठं जायचं?" ताई म्हणाली, "समुद्राकाठी. पन हाटेल नको. घर पायजे. सकाळी आपल्या हातानं दार उघडलं की म्होरं पानी दिसलं पायजे." आणि लगेच घाबरून पुढे म्हणाली, "नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या."

मी महाळुंगे पडवळचा, शाळेत भूगोल शिकवतो. त्यामुळे परदेशाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. व्हिएतनामातलं दा नांग मी निवडलं, मे महिन्यातली नऊ तिकिटं काढली आणि आठ दिवस लॅपटॉपला चिकटून एक घर शोधलं. तिसरा मजला, चार खोल्या, गॅलरीत समुद्र. शेकडो लोकांनी वाहवा केलेली. मालक तर इतका गोड की म्हणाला, सगळे पैसे शनिवारपर्यंत थेट माझ्या खात्यावर पाठवा, तुमच्यासाठी भाडं कमी करतो. शुक्रवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी पिंपळवंडीत दाखल झालो. फोटो बघून पोरं नाचली. ताईने पदराने हात पुसून पडद्यावरच्या समुद्राला बोट लावून पाहिलं.

साडूंनी चष्मा काढला. "चवकशी केली का?"

"भाऊ, एवढ्या लोकांनी चांगलं लिहिलंय."

"ती काय त्या गल्लीतली हायेत का? खोट कुनीच न्हाई लिवली?"

"नाही!"

"मास्तर," ते म्हणाले. मी शहाणा वाटत असलो की ते मला पावणं म्हणतात, शंका आली की मास्तर. "आपन शेजारी इचारू."

माझा पारा चढला. दा नांगला कुठला आलाय शेजारी? पण त्यांच्या सुनेने नकाशावर ती गल्ली काढली. आमच्या घराच्या अगदी समोर एका बाईंचं कॉफीचं दुकान होतं, फोन नंबरासकट. सुनेने एका फोनवरून तो लावला आणि दुसरा फोन भाषांतराला धरला. हे मराठीत बोलायचे, फोन तिकडच्या भाषेत सांगायचा. आणि बोलले काय? आधी पाऊसपाणी. मग धंदा कसा चाललाय, मुलं किती, थोरलीचं लग्न झालं का. त्या बाईही आढेवेढे न घेता सांगत होत्या, हे विशेष. वीस मिनिटं गेली. मी ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो. "भाऊ, घराचं विचारा की!"

"सबुरीनं घ्या, मास्तर. एकदम इचारलं की मानूस सावध व्हतं."

शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या समोरचं तीन मजली घर कसं हाय?"

मग बाई काहीतरी बोलल्या आणि फोन सपाट आवाजात म्हणाला, "समोर घर नाही."

बाईंनी व्हिडिओ सुरू केला आणि फोन हातात धरून रस्ता ओलांडला. पत्र्याचं कुंपण, आत गुडघाभर गवत, चार कोंबड्या आणि दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. तिसरा मजला सोडाच, पहिलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी मी सगळे पैसे पाठवणार होतो आणि मे महिन्यात नऊ जणांना त्या कोंबड्यांत नेऊन उभं करणार होतो!

पण साडू मला एका शब्दाने बोलले नाहीत. "जागा मोकळी हाय म्हंजी हवा चांगली असनार," एवढंच म्हणाले. बोलली ती ताई. दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी जाऊन या समदी. माझं काय आडलंय?" आणि आत वळली. ते ऐकून मला रडू फुटायचं बाकी होतं.

"थांब," साडू म्हणाले. त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला. "ताई," हे त्या कॉफीवाल्या बाईंना, "तुमच्या वळखीत समुद्राकाठी कुनाचं घर हाय का? माझ्या मंडळीला दारातनं पानी बघायचंय."

होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, गल्लीच्या टोकाला, तळमजल्याचं. बाईंनी चालत जाऊन दाखवलं. निळं दार, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे वाळू आणि पाणी. आम्ही टाळ्या पिटल्या. पण साडूंनी हात वर केला. आता बाईंची चौकशी नको का करायला? सुनेने शेजारचा शिंपी शोधून काढला. शिंपी म्हणाला, बहिणी सचोटीच्या, घर स्वच्छ, पण थोरलीचं कुत्रं पहाटेपासून भुंकतं आणि धाकटी फार बडबडते.

"खोट सांगितली!" साडूंनी मांडीवर थाप मारली. "ठरवा, पावणं."

ठरवलं. मे महिन्यात दा नांगला पोचलो. कुत्रं शिंप्याच्या शब्दाला जागलं, पहाटे भुंकलं, आणि त्यामुळेच ताईला दार उघडायला सूर्योदयाची वेळ साधता आली. आम्ही बाकीचे आठही जण तिच्यामागे उभे होतो. ती चौकट धरून पाण्याकडे बघत राहिली. ताईने दोघी बहिणींची खणानारळाने ओटी भरली, त्यांनी साडूंना कॉफी पाजून पाजून त्याचा सूड उगवला. तिसऱ्या दिवसापासून हे दुकानासमोरच्या बुटक्या स्टुलावर कायमचेच. चौथ्या दिवशी तर दिल्लीचं एक जोडपं त्यांनाच विचारायला आलं, या गल्लीतली घरं कशी आहेत म्हणून. "घर अच्छा हाय, बाई भी अच्छा हाय," हे म्हणाले, "लेकिन कुत्रा लई भुकता हाय." पिंपळवंडीचा माणूस दा नांगात शेजारी झाला! माझी छाती अभिमानाने भरून आली.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघे साडू वाळूत बसलो होतो. ताई एकटीच पुढे, लुगडं घोट्यावर धरून पाण्यात उभी.

"पावणं, ती चार दिस कशी हासतिया, बघितलं का?"

"बघितलं की."

"तीस वर्सं मी गावोगाव दुसऱ्यांच्या चवकश्या करत फिरलो," ते हळूच म्हणाले. "ह्या बाईला काय पायजे, ते पोरांनी इचारलं. मी कंदी इचारलं न्हाई."

ते उठले, धोतर झटकलं आणि पाण्यापर्यंत गेले. तिच्याजवळ उभं राहून त्यांनी काहीतरी विचारलं. लाटांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. ताई मात्र कितीतरी वेळ सांगत होती.