बीमची खालची बाजू

सुताराची धाकटी मुलगी पायांवर चालायच्या आधी हातांवर चालली, असं तिची आई सांगते. त्यात थोडी भर असेल, पण थोडीच. दोन वर्षांची असताना ती उंबऱ्यावर डोकं टेकून उलटी व्हायची आणि पायांच्या मधून पाहुण्यांकडे बघून हसायची. पाहुणे बिचारे आपण मान कोणत्या बाजूला वाकवावी या विचारात पडत. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे. बाकी सगळीकडे ती भिंगरी.

जिमनॅस्टिक्सला जायला लागली तशी बापानं तिला मागच्या अंगणात एक बीम करून दिला. बीम म्हणजे पाच मीटर लांब, तळहाताएवढा रुंद आणि छातीइतका उंच बसवलेला दांडा. त्यावर चालायचं, उडायचं, मागं कोलांटायचं आणि खाली मात्र पडायचं नाही. सुतारानं वरची बाजू रंधून रंधून इतकी गुळगुळीत केली की पहिल्याच दिवशी तिच्यावरून मांजर घसरलं. मग त्यानं वर जुनी सतरंजी ताणून ठोकली. खालची बाजू तशीच खडबडीत राहिली. "खालून कोण बघायला जातंय?" तो म्हणाला. आपल्या कामाबद्दल त्यानं जन्मात एवढं एकच आळशी वाक्य काढलं असेल.

सकाळी त्या बीमवर भिंगरी असे आणि दुपारी आईचे ओले कपडे.

असं बरं चाललं होतं. मग एक दिवस मामा आला. मामा मुलींना कुस्ती शिकवतो. त्याच्याकडच्या सगळ्यात हलक्या मुलीला सरावाला जोडीदार मिळेना.

"ताई, आठच दिवस भाची दे," तो बहिणीला म्हणाला. "नुसती उभी राहू दे समोर."

भिंगरी नुसती उभी राहिली नाही. आठ दिवसांचं वर्ष झालं. सकाळी जिमनॅस्टिक्स, संध्याकाळी कुस्ती आणि मधे शाळा, तीही जमलं तर.

घरात मात्र आईच्या नाकी नऊ आले. जिमनॅस्टिक्सच्या बाई म्हणायच्या, हलकी राहा. मामा म्हणायचा, जड हो. बाई वजनकाट्याकडे बघून सुस्कारा सोडत, मामाही त्याच आकड्याकडे बघून सुस्कारा सोडे.

"मी स्वयंपाक करू की लवाद बसवू?" आई विचारायची आणि पोरीच्या ताटात अर्धं अंडं वाढायची.

"तुला दोन्ही कशाला गं हवं?" एकदा बापानं विचारलं.

भिंगरीनं बराच विचार केला. "बीमवर मी एकटीच असते, बाबा. कुणी आडवं येत नाही. आणि कुस्तीत समोर कुणीतरी असतं. मला दोन्ही आवडतं."

सुतारानं मान डोलावली. एकट्यानं रंधा मारण्यातलं सुख त्याला ठाऊक होतं, आणि जोडीनं करवत ओढण्यातलंही.

पण शरीराला सवयी लागतात, आणि त्या दार बघून आत येत नाहीत. कुस्तीच्या पहिल्या मोठ्या सामन्यात समोरच्या दांडग्या मुलीनं भिंगरीला उचलून फेकलं. भिंगरी हवेत मांजरासारखी वळली आणि दोन्ही पायांवर अलगद उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तिथंच घात झाला. जिमनॅस्टिक्समध्ये नीट उतरलं की पाय जुळवायचे, छाती काढायची आणि दोन्ही हात वर करून पंचांना सलामी द्यायची. भिंगरीनं ती दिली, गोड हसून. मागून त्या मुलीनं कंबरेला विळखा घातला आणि तिचे दोन्ही खांदे गादीला टेकवले.

"सलामी कुणाला देत होतीस?" पंचांनी विचारलं.

"तुम्हालाच," भिंगरी झोपल्या झोपल्या म्हणाली.

मामानं टॉवेलात तोंड खुपसलं, ते घरी पोचेपर्यंत काढलं नाही.

इकडे बाईही वैतागल्या होत्या. पोरगी बीमसमोर आली की गुडघे वाकवून, हात पुढे करून उभी राहायची. "तुला त्याच्यावर चढायचंय," बाई म्हणत. "त्याला पाडायचं नाहीये."

शेवटी बाई आणि मामा एकाच संध्याकाळी सुताराच्या कारखान्यात येऊन उभे राहिले. भुशात पाय रोवून दोघं एकच बोलले: एक काहीतरी सोडायला सांगा. काय सोडायचं, यावर मात्र एकमत नव्हतं.

सुतारानं पेन्सिल कानावर ठेवली. "रविवारी जिमनॅस्टिक्सची निवड आहे ना? पहिल्या सहांत आली तर कुस्तीनं काही बिघडत नाही असं समजू आणि दोन्ही चालू ठेवू. नाही आली तर कुस्ती बंद."

"पण बाबा..." दाराआडून ऐकत असलेली भिंगरी म्हणाली.

"ठरलं."

रविवारी मामा पहिल्या रांगेत बसला. शेवटचा प्रकार बीम होता. तोवर भिंगरी कशीबशी सहा जणींच्या काठावर होती. बाईंनी हळूच सांगितलं, "खाली पडलीस तर पूर्ण एक गुण जातो. तेवढा आपल्याकडे नाही."

ती चढली. चालली, उडाली, गिरकी घेतली. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग मागं कोलांटी घेतली आणि डावा पाय बीमच्या कडेवरून सटकला.

अशा वेळी जिमनॅस्ट शहाणपणानं खाली उडी मारते. पण भिंगरीच्या अंगात वर्षभराची कुस्ती होती, आणि समोरच्याला सोडायचं नाही एवढंच त्या अंगाला कळत होतं. तिनं दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी बीमला मिठी मारली आणि गर्रकन फिरून खालच्या बाजूला वटवाघळासारखी लटकली.

"सोडू नको!" मामा ओरडला. "खालून वर! खालून वर!"

हा डाव त्यानं तिच्याकडून रोज चाळीस वेळा घोटून घेतला होता. भिंगरीनं टाच अडकवली, कंबर हिसडली आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर यावं तशी बीमवर आली. उठली. राहिलेलं सगळं केलं. उडी मारून दोन पायांवर उतरली, पंचांना सलामी दिली. आणि मग वळून, कुस्ती संपल्यावर करतात तसा, बीमशी हात मिळवला.

बाईंनी डोळे मिटून घेतले.

पंच बराच वेळ पुस्तक चाळत होते. पडली तर एक गुण वजा. तोल जाताना बीम धरला तर अर्धा. आणि हिचा पाय जमिनीला लागलाच नव्हता. अर्धा गुण कापला. भिंगरी सहावी आली, सातवीपेक्षा पाव गुणानं पुढे.

मामा शिट्टी वाजवत खाली आला. बाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "तो खालून वर यायचा प्रकार माझ्या बाकीच्या मुलींना किती दिवसांत शिकवाल?"

"महिन्यात. पण बाई, तिची ती हात वर करायची खोड तेवढी मोडा की."

"ती खोड नाही," बाई म्हणाल्या. "ती माझी मेहनत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी अंगणात आली, तर बीमवर जायला जागाच नव्हती. बापानं तो उलटा करून ठेवला होता आणि खालच्या बाजूला रंधा मारत होता.